नर्सिंगला जायचंय, मग आधी हॉस्पिटलात नॉन-क्लिनिकल काम करावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे पेपर संपले की आमच्याकडे मेसेजची रांग लागते. परळ, भांडुप, विरार, मुंब्रा, पनवेल, कुठूनही येवोत, प्रश्न बहुतेक तेच असतात: ‘नर्सिंगला जायचंय, तोवर हॉस्पिटलात रिसेप्शनवर लागू का? त्याचा उपयोग होईल का?’ कित्येक वर्षं वॉर्डात काम केल्यावर आणि नंतर मुलामुलींना प्रवेशासाठी मार्गदर्शन करताना माझं जे मत झालं, ते इथे एकत्र लिहिलंय. जे प्रश्न खरोखर येतात तेच घेतलेत. उत्तर आधी येऊन गेलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. नॉन-क्लिनिकल काम म्हणजे नेमकं कोणतं?

ज्या कामात तुम्ही पेशंटवर उपचार करत नाही, पण ज्याच्याशिवाय उपचार अडून बसतात, ते. केसपेपरची खिडकी, अपॉइंटमेंटचा फोन, बिलिंग, आरोग्यविम्याचे कागद पाहणारा टीपीए डेस्क, मेडिकल रेकॉर्ड, औषधांचं स्टोअर, किचनमधून जाणारे डाएटचे ट्रे, लिनन, उपकरणं निर्जंतुक करणारा सीएसएसडी विभाग, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, अॅम्ब्युलन्सचा समन्वय, लॅबच्या कलेक्शन सेंटरचा काउंटर, सरकारी योजनेच्या टेबलावरचे आरोग्यमित्र. वॉर्डातल्या मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, यांचं काम मधल्या सीमेवर येतं. त्याचं वेगळं उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

यादीत सिक्युरिटी पाहून काही जण नाक मुरडतात, म्हणून एक आठवण करून देते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा सिस्टर अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना सुरक्षित जागी हलवलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच रात्री तिथले दोन सुरक्षारक्षक मारले गेले, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं.

२. या कामाचे प्रवेशाला मार्क मिळतात का?

नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण काही एजंट ‘अनुभव दाखवला की सीट मिळते’ असं सांगून पैसे उकळतात. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश राज्य सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) सेलच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर, प्रवर्गावर आणि कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांवर ठरतो. रिसेप्शनवर दोन वर्षं काढलेल्या मुलीला आणि कालच बारावी झालेल्या मुलीला तिथे एकच फूटपट्टी लावतात. अनुभवाचा दाखला जोडायला अर्जात रकानाच नसतो.

३. मार्क नाहीत, मग करायचंच कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली बहुतेक मुलं पेशंटला पहिल्यांदा पाहतात ती बेडवर. गाऊन घातलेला, सलाइन लावलेलं, बाजूला फाइल. पण तो बेडवर कसा आला हे त्यांना दिसलेलं नसतं. पहाटेच्या लोकलने बदलापूरहून निघून तो केसपेपरच्या रांगेत उभा राहिलाय, रांगेतच त्याला चक्कर आलीय, खिडकीवर ‘पहिला केसपेपर कुठाय?’ म्हटल्यावर बायकोने पिशवी उलटी करून सगळे कागद जमिनीवर मांडलेत. हे ज्याने पाहिलंय तो वॉर्डात त्याच पेशंटवर ‘इतक्या उशिरा का आलात?’ म्हणून खेकसत नाही.

दुसरं, कागद. सरकारी योजनेच्या टेबलावर सकाळी जाऊन बसा. बाईंच्या रेशनकार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ऑपरेशन ठरलंय, पण नाव जुळत नाही म्हणून मंजुरी अडलीय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, हे पोस्टरवर कोणीही वाचतं. ते संरक्षण पेशंटपर्यंत पोचायला कोणता कागद लागतो आणि तो कुठे मिळतो, हे टेबलावर काम केलेल्यालाच पाठ असतं. पुढे नर्स झाल्यावर रात्री रडणाऱ्या नातेवाइकाला ‘सकाळी अमुक खिडकीवर जा, तमुक कागद घेऊन जा’ एवढं जरी सांगता आलं, तरी त्याला रात्रभर थोडी झोप लागते.

तिसरं, पत्ता. केसपेपरवरच्या पत्त्याकडे वॉर्डात कोणी फारसं पाहत नाही. टाटा रुग्णालयात पूर्व भारतातून आलेली कुटुंबं परळच्या फुटपाथवर महिनोन् महिने राहतात. ज्यांना जागा मिळते ती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जातात. अशा पेशंटला डिस्चार्ज देताना ‘घरी गेल्यावर ड्रेसिंग कोरडं ठेवा, खोली स्वच्छ ठेवा’ असं पाठ केलेलं वाक्य म्हणून चालत नाही. घर कुठलं, पाणी कुठून आणणार, ड्रेसिंग बदलायला कोण आहे, हे आधी विचारावं लागतं. नोंदणीच्या काउंटरवर रोज असे पत्ते टाइप केलेली मुलगी ते आपोआप विचारते. मी हे विद्यार्थिनींमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि याचंच मला सगळ्यात जास्त मोल वाटतं.

चौथा फायदा तुमच्या स्वतःच्या शरीराचा आहे. आठ तास उभं राहणं जमतं का, फिनाइल आणि पू यांचा एकत्र वास सहन होतो का, रात्रपाळी करून सकाळच्या गर्दीत लोकल पकडता येते का, हे घरी बसून कळत नाही. चार वर्षांची फी भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. (कळलं की जमत नाही, तर? प्रश्न १४ पाहा.)

४. सगळ्यात उपयोगाचं काम कोणतं? मला तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय.

जिथे पेशंट किंवा नातेवाईक समोर येतात ते काम घ्या. पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी.

ओपीडीची नोंदणी किंवा केसपेपर खिडकी हे माझ्या मते पहिलं. दिवसभरात शेकडो माणसांशी बोलावं लागतं. मराठी आणि हिंदी तर हवंच, शिवाय गुजराती, भोजपुरी, बंगाली कानावर पडून थोडी थोडी कळायला लागते. ‘छातीत दुखतंय’ म्हणणारा माणूस रांगेत उभा आहे की लगेच कॅज्युअल्टीला पाठवायचा आहे, हे ओळखणं डॉक्टरांचं काम खरं, पण घाम फुटलेला पांढराफटक चेहरा दिसला की रांग मोडून सिस्टरला हाक मारणं हे खिडकीवरच्याचंच काम आहे.

टीपीए डेस्क हे दुसरं. सकाळी डॉक्टर ‘आज डिस्चार्ज’ म्हणतात आणि पेशंट संध्याकाळपर्यंत बेडवर बसून राहतो. वॉर्डातल्या सिस्टरवर नातेवाईक ओरडतात, पण गाडी अडलेली असते फायनल अप्रूव्हलवर. २०२४ पासून विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायला हवा. हे ज्याला माहीत आहे तो नातेवाइकांना शांतपणे समजावू शकतो आणि कंपनीच्या मागेही लागू शकतो.

तिसरं नाव ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं: सीएसएसडी. तिथे पेशंट दिसतच नाही, म्हणजे माझ्याच नियमाला हा अपवाद. पण ऑपरेशनचे सेट धुणं, सुकवणं, गुंडाळणं, ऑटोक्लेव्हमध्ये लावणं हे ज्याने केलंय त्याला निर्जंतुकीकरण म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. पॅकवरची चिकटपट्टी पाहा. आत जाताना तिच्यावरच्या रेषा फिकट असतात, १२१ अंशांच्या वाफेतून बाहेर आल्यावर काळ्या होतात. रेषा काळ्या झाल्या म्हणजे पॅक वाफेतून गेला एवढंच कळतं. आतलं सगळं निर्जंतुक झालं याची ती खात्री नव्हे, म्हणून पॅकच्या आत वेगळा इंडिकेटर ठेवतात. हा फरक परीक्षेत विचारतात आणि ओटीत तर तो रोजच लागतो.

मागच्या खोलीत हेडफोन लावून दिवसभर बिलं टाइप करायची असतील तर नर्सिंगच्या दृष्टीने त्यात फार काही नाही. पैशांची गरज असेल तर जरूर करा, नोकरी म्हणून ती चांगलीच आहे.

५. माझी बारावी कॉमर्समधून झालीय. काम केल्यावर नर्सिंगला जाता येईल का?

कामामुळे पात्रता बदलत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी लागते, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गांना सवलत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी आणि ४० टक्के हवेत. म्हणून आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी जीएनएमकडे पाहावं. ती तीन वर्षं करून, नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. रस्ता लांबचा आहे, बंद नाही. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचा, मैत्रिणीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

६. अजून १८ पूर्ण व्हायचीत. हॉस्पिटल घेईल का?

बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात. कायद्याने १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. त्यामुळे कोणी सतरा वर्षांच्या मुलीला ‘रात्रपाळीला ये’ म्हणत असेल तर तिथे जाऊच नका. तोवर प्रथमोपचाराचं शिक्षण घ्या आणि सीईटीचा अभ्यास करा. प्रवेशासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण असली की पुरतं, त्यामुळे कामासाठी थांबून प्रवेशाचं वर्ष घालवण्यात अर्थ नाही.

७. नोकरी आणि सीईटीचा अभ्यास एकत्र जमेल का?

जमतो, पण पूर्णवेळ नोकरी, कल्याणहून परळपर्यंतचं अप-डाउन आणि अभ्यास, तिन्ही एकत्र बहुतेकांना जमत नाही. प्रवासात अभ्यास करू म्हणणाऱ्यांना मी विचारते, सकाळच्या फास्टमध्ये तुझं पुस्तक उघडेल एवढी जागा मिळते का?

सुट्टीतले दोन-तीन महिने काम किंवा घराजवळच्या नर्सिंग होममध्ये अर्ध्या दिवसाची पाळी, एवढंच ठेवा. वांद्र्याच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नावापेक्षा डोंबिवलीतलं घरापासून चालत जाण्याजोगं तीस खाटांचं हॉस्पिटल तुमच्या कामाचं. छोट्या ठिकाणी एकाच माणसाला नोंदणी, फोन, फाइल सगळं करावं लागतं, त्यामुळे शिकायलाही जास्त मिळतं. परीक्षेच्या आधीचे दोन महिने काम सोडा. घरखर्चामुळे सोडता येत नसेल तर पाळी बदलून मागा आणि रात्रपाळी अजिबात घेऊ नका.

आणि एकदा प्रवेश झाला की हा विषय संपला. नर्सिंगला थिअरीची ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात येईपर्यंत प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावे लागतात. कॉलेज, क्लिनिकल पोस्टिंग आणि वर नोकरी, असं करायला गेलेल्या मुली दुसऱ्या सेमिस्टरला आजारी पडलेल्या पाहिल्यात.

८. काम शोधायचं कुठे? ओळख नसेल तर?

मुंबईत ओळखीशिवायही मिळतं. ट्रस्टची हॉस्पिटलं, खासगी हॉस्पिटलं आणि लॅबच्या साखळ्या सतत माणसं शोधत असतात. एचआरकडे थेट बायोडेटा देऊन यावा. सकाळी अकरानंतर जा, त्याआधी सगळे ओपीडीत अडकलेले असतात. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत कायम पदं जाहिरात काढून भरतात, बाकीची कामं बरीचशी कंत्राटदारामार्फत होतात.

‘डिपॉझिट भरा, युनिफॉर्मचे पैसे भरा, मग जॉइनिंग लेटर’ असं कोणी म्हटलं की तिथूनच मागे फिरा. नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही.

पगार नको, फक्त अनुभव हवा असेल तर पेशंटना मदत करणाऱ्या सेवाभावी संस्थांमध्ये विचारा. मोठ्या रुग्णालयांच्या समाजसेवा विभागाबरोबर अशा संस्थांचे स्वयंसेवक काम करतात: पेशंटला खिडकीपर्यंत नेणं, अर्ज भरून देणं, बाहेरगावच्यांना राहण्याची जागा शोधून देणं. आठवड्यातून दोन दिवस जरी केलं तरी प्रश्न ३ मध्ये सांगितलेलं बरंच काही त्यात मिळतं.

९. पगार आणि ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) काय? कंत्राटदार म्हणतो ‘ट्रेनी आहेस, लागू नाही.’

पगार ठिकाणाप्रमाणे बदलतो, पण किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि आस्थापनेला कायदा लागू असेल तर ईएसआय कापला गेला पाहिजे: तुमचा वाटा ०.७५ टक्का, मालकाचा ३.२५ टक्के. नुसतं ‘ट्रेनी’ म्हटल्याने काम करणारा माणूस या कायद्यातून बाहेर पडत नाही. पगार बँकेतच घ्या आणि दर महिन्याची पगारपावती जपून ठेवा. ईएसआयचा नंबर मिळाला की आजारपणात स्वतःलाही उपयोग होतो, आणि हॉस्पिटलात काम करणारा आजारी पडतोच.

१०. मी आया म्हणून लागले. सिस्टर म्हणतात ‘जरा सलाइन बंद कर’, ‘इंजेक्शन भरून ठेव.’ करू का? पुढे नर्सच व्हायचंय ना?

नाही. हा प्रश्न कळकळीने विचारला जातो, म्हणून उत्तरही स्पष्ट देते.

मावशी-मामांचं काम: पेशंटला उचलणं, कूस बदलायला मदत, बेडपॅन, अंघोळ, जेवण भरवणं, ट्रॉलीवरून एक्स-रेला नेणं, सॅम्पल लॅबला पोचवणं. हे काम मोठं आहे. केईएममध्ये हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग यांची सुमारे ४२ वर्षं, २०१५ पर्यंत, तिथल्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी शुश्रूषा केली. त्यातला रोजचा भाग हाच होता: अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं.

पण औषध, इंजेक्शन, सलाइनचा वेग, ऑक्सिजनचं बटण, कॅथेटर यांना हात लावायचा नाही. चूक झाली तर पेशंटचा जीव जाऊ शकतो, आणि चौकशीत ‘सिस्टरनेच सांगितलं होतं’ हे कागदावर कुठेच नसतं. नकार देताना भांडायची गरज नाही. ‘सिस्टर, मला ते शिकवलेलं नाही, तुम्ही या, मी पेशंटला धरते’ एवढं म्हणा. चांगली सिस्टर लगेच समजते. पुन्हा पुन्हा सांगत असतील तर इनचार्ज सिस्टरकडे किंवा मेट्रनकडे जा.

पाहायला मात्र कोणी अडवत नाही. मोकळा वेळ असेल तेव्हा विचारून जवळ उभं राहा. सिस्टर औषध देण्याआधी नाव कसं विचारतात, हात कधी धुतात, पेशंटला काय सांगतात. पेशंटला शिवण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायची सवय आत्तापासून लावा. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने २० ते ३०. घाईत पाच सेकंदांत उरकणारे खूप दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका.

११. ‘सहा महिन्यांत नर्स’ असा कोर्स आहे. त्यात काम आणि शिक्षण दोन्ही होतं म्हणे?

ठाणे, कल्याण, वसई पट्ट्यात याच्या पाट्या जागोजागी दिसतात. असा कोर्स करून कोणी नर्स होत नाही. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि ती एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग असे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेतून केल्यावरच मिळते. यातला सगळ्यात लहान एएनएमसुद्धा दोन वर्षांचा आहे.

जनरल ड्युटी असिस्टंटचा कौशल्य विकासाचा कोर्स ही वेगळी गोष्ट. तो खरा आहे, त्यातून सहायकाची नोकरी मिळते, पण तो नर्सिंगच्या पदवीतले कोणतेही तास कमी करत नाही. प्रश्न एकच विचारा: ‘यानंतर कौन्सिलची नोंदणी मिळेल का?’ समोरचा ‘आमचं सर्टिफिकेट भारतभर चालतं’ असं गोल उत्तर द्यायला लागला की पैसे खिशात ठेवून उठा. हजारो रुपये आणि दोन-दोन वर्षं गमावून मग आमच्याकडे आलेल्या मुली पाहून जीव तुटतो.

१२. हाउसकीपिंगला आहे. कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचली. कोणाला सांगू?

लगेच, त्याच पाळीत सांगा. रक्त पिळून काढू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, सुपरवायझर आणि कॅज्युअल्टीला कळवा, आणि लेखी नोंद झाल्याशिवाय घरी जाऊ नका. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ‘नोकरी जाईल’ या भीतीने गप्प राहणारेच जास्त अडचणीत येतात.

हेपॅटायटिस बी-ची लस कामावर लागण्याआधीच सुरू करा: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. नर्सिंगला गेल्यावरही ती लागणारच आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात. पिवळ्या पिशवीत ड्रेसिंगचा कापूस, लाल पिशवीत प्लास्टिकच्या नळ्या, काच निळ्यात. पिशवीत सुई सापडली म्हणजे वॉर्डात कोणीतरी चुकीच्या ठिकाणी टाकली. तुम्ही नर्स व्हाल तेव्हा ती पिशवी उचलणारी मावशी कोण आहे हे तुम्हाला माहीत असेल.

१३. आमच्या चाळीतले काका अॅडमिट झाले. घरचे मला विचारतात, काय झालंय त्यांना? सिस्टीमवर दिसतं ना.

दिसतं, म्हणून उघडायचं नाही. तुमच्या कामासाठी जेवढी फाइल लागते तेवढीच पाहायची. घरच्यांना ‘मला सांगता येणार नाही, काकूंना विचारा’ एवढंच उत्तर द्या. आईला राग येईल, दोन दिवसांनी जाईल. काकांचा रिपोर्ट चाळभर झाला तर तो कधीच परत घेता येत नाही.

तीच गोष्ट फोटोंची. वॉर्डात काढलेल्या रीलमध्ये मागे पेशंटचा चेहरा किंवा बेडवरचं नाव येतं. एमएलसी, म्हणजे पोलीस केस असलेल्या पेशंटच्या कागदांबाबत तर दुप्पट काळजी. पोलीस, वकील किंवा पत्रकार कोणीही विचारो, माहिती द्यायची ती मेडिकल ऑफिसरने, तुम्ही नाही.

१४. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर एक मूल गेलं. झोप लागत नाही. म्हणजे मी नर्सिंगसाठी नाही का?

असं ठरवायची घाई करू नका. मृत्यू पाहून हादरणं हे चुकीचं लक्षण नाही, वीस वर्षं काम केलेल्या सिस्टरही लहान मुलाच्या वेळी ड्यूटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये रडतात. घरी बोला, इनचार्जला सांगा, दोन दिवस सुट्टी घ्या. शक्य असेल तर काही काळ दुसऱ्या विभागात काम मागा.

पण दोन-तीन महिने उलटल्यावरही रोज सकाळी हॉस्पिटलच्या गेटपाशी पोटात गोळा येत असेल, तर तेही ऐकून घ्या. आरोग्यक्षेत्रात पेशंटच्या जवळ न जाता करायची भरपूर चांगली कामं आहेत: मेडिकल रेकॉर्ड, लॅब, फार्मसी, हॉस्पिटल व्यवस्थापन. नर्सिंग न घेण्याचा निर्णय फी भरण्याआधी घेतला, यात काहीही कमीपणा नाही.

१५. नातेवाईक काउंटरवर शिव्या देतात, एकदा हात उगारला. सहन करायचं का?

शिव्या बहुतेक वेळा तुमच्यासाठी नसतात. तो माणूस पैशांच्या आणि भीतीच्या कात्रीत सापडलेला असतो. आवाज खाली ठेवा, त्याला बसायला सांगा, खरा अंदाज सांगा. ‘पाच मिनिटं’ असं खोटं कधीही सांगू नका, सहाव्या मिनिटाला तो दुप्पट चिडतो.

हात उगारला की मात्र समजुतीची वेळ संपली. बाजूला व्हा, सिक्युरिटीला बोलवा, लेखी तक्रार द्या. हॉस्पिटलमधल्या हिंसाचारासाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डॉक्टर आणि परिचारिकांबरोबर नर्सिंगचे विद्यार्थीही त्याच्या संरक्षणात येतात.

१६. मी २६ वर्षांची आहे, टीपीए डेस्कवर पाच वर्षं झाली. आता नर्सिंगला उशीर झाला का?

जीएनएमला ३५ वर्षांपर्यंत प्रवेश घेता येतो, म्हणजे उशीर झालेला नाही. अडचण वयापेक्षा पैशांची असते: चालू पगार सोडून तीन-चार वर्षं शिकायचं. घरी बसून खर्चाचा हिशेब मांडा, सरकारी आणि महापालिकेच्या संस्थांना पसंतीक्रमात वर ठेवा, तिथली फी खासगीच्या मानाने फार कमी असते. वर्गात तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मुली असतील. पहिले काही आठवडे अवघडल्यासारखं होईल, मग पहिल्या पोस्टिंगला त्याच मुली ‘ताई, हा फॉर्म कसा भरायचा?’ म्हणून तुमच्याभोवती गोळा होतील.

१७. हा अनुभव पुढे स्टाफ नर्सच्या नोकरीत किंवा परदेशात धरतात का? दाखला कसा घ्यायचा?

नर्सिंगचा अनुभव म्हणून धरत नाहीत. तो नोंदणी झाल्यानंतरच मोजायला सुरुवात होते. रिसेप्शनची दोन वर्षं ‘स्टाफ नर्स’ म्हणून लिहून देणारे महाभाग भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. परदेशात कागदपत्रांची पडताळणी थेट हॉस्पिटलकडे होते आणि एक खोटा कागद सगळा अर्ज बुडवतो.

खरं ते लिहिलं तर मात्र मुलाखतीत उपयोग होतो. इन्शुरन्स, रेकॉर्ड, संसर्ग नियंत्रण यांची जाण असलेली फ्रेशर नर्स इनचार्जला हवीच असते. म्हणून काम सोडताना लेटरहेडवर दाखला घ्या. त्यात तुमचं पद, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आणि प्रत्यक्ष काय काम केलं ते दोन ओळींत असावं. ‘सर्व प्रकारचं काम केलं’ अशा वाक्याला काही किंमत नसते. कंत्राटदाराकडे असाल तर दाखला कंत्राटदाराचा येतो, त्यावर कोणत्या हॉस्पिटलात नेमणूक होती ते लिहून मागा. शेवटचा पगार हातात पडायच्या आधी मागा, नंतर फेऱ्या मारायला लावतात.